ठिपक्यांवरचा संशय

ड्रॉइंगच्या बाईकडे किस्से साचतात ते बहुतेक संशयाचे. गणिताच्या सरांनी फळाभर काहीही लिहिलं तरी त्यांना कुणी विचारत नाही. मी आमच्या अमरावतीच्या शाळेत सहावीला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ठिपक्यांची चित्रं दाखवली. म्हटलं, त्यांच्या खुणा त्यांच्या, त्या उचलू नका, तुम्ही तुमची जागा वरून पाहिल्यासारखी काढा, कोण कुठून कुठे चालतं तेही दाखवा. झालं, सगळे पालक माझ्यावर डोळा ठेवून!

*

ठिपक्यांसाठी कान साफ करायच्या काड्या मागवल्या. दुसऱ्या दिवशी एक आई हजर.

"मॅडम, वर्गात कानाची साथ आहे काय? खरं सांगा, आमी कोणाले नाही सांगत!"

मी रंग दाखवले. तिनं त्यांचा वास घेतला आणि जाताना पोराचे दोन्ही कान तपासूनच गेली.

*

ओमनं दोन दिवस खपून चित्र काढलं आणि तो खेळायला पळाला. परत येऊन पाहतो तर आजीनं सगळे ठिपके रेघांनी जोडलेले!

"रांगोळी अर्धी काहून सोडली? तुही मॅडम अर्धंच शिकवते काय?"

*

आमचे हेडसर प्रत्येक चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहायचे. "यात कोणाबद्दल काही लपवलं तं नाही ना? एक तक्रार आली की प्रोजेक्ट बंद. अकोल्याचं प्रदर्शन विसरा!"

माझा जीव टांगणीला. अकोल्याच्या शालेय चित्रप्रदर्शनासाठी मी सहावीतल्या खुशीचं चित्र निवडलं होतं, आणि ती पोरगी रोज विचारायची, "मॅडम, माह्यं चित्र जाईन ना?"

*

तक्रार आली ती खुशीच्याच घरून! तिच्या बाबांचं आणि काकांचं वावर चांदूर रेल्वेजवळ, एकमेकांना लागून. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण होऊन दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. काकांचा पोरगाही आमच्याच शाळेत. मी चित्राचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि दोघेही वेगवेगळ्या गाड्यांवर शाळेत आले.

चित्रात धुरा ओलांडून जाणारी पांढऱ्या ठिपक्यांची वाट होती.

"सर, माह्या वावरात हे कोण घुसून राहिलं?" बाबा कडाडले.

"सर, त्याईले सांगा, वाट त्याईच्याच वावरातून निघाली!" काका.

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. संपलं सगळं, असं वाटून मला रडूच यायला लागलं. त्यांनी खुशीला बोलावून विचारलं,

"हे ठिपके कोणाचे?"

"आईचे," ती रडवेली होऊन म्हणाली. "दुपारी बोरीखाली आई न काकू भेटतात. आई काकूले ठेचा देते, काकू आईले भाजी."

बाबा खिडकीबाहेर बघत बसले. काका बराच वेळ चित्र न्याहाळत होते. मग ते पहिल्यांदा थेट भावाकडे वळले.

"तरीच म्हणतो भाऊ, आमच्या डब्यातला ठेचा एवढा चांगला कसा होऊन राहिला!"