अंजनाकाकूंचा दुपारचा तास

अंजनाकाकूंना पोहता येतं हे सत्त्याण्णवच्या नवरात्रापर्यंत आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ते लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

त्या शिरोळकडच्या. कृष्णेच्या काठावरचं गाव, उसातली विहीर, चार भाऊ. सहाव्या वर्षी वडिलांनी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत सोडलं. ते लाकूड इतकं हलकं असतं की पोर बुडत नाही. दोन महिन्यांत बिंडा सुटला. पुराच्या दिवसांत म्हशीची शेपटी धरून त्या पलीकडच्या मळ्यात जाऊन यायच्या. मग शहाऐंशी साली लग्न होऊन कोल्हापुरात, उत्तरेश्वर पेठेत आल्या आणि पोहणं संपलं. नवरा आप्पासो मगदूम, मोटारी रिवाइंड करायचं दुकान. सासू बनाबाई. जैनाचं घर, पिण्याचं पाणी दोनदा फडक्यातून गाळलं जायचं. पाण्यात जीव असतात, त्यात धिंगाणा घालायचा नसतो, असं बनाबाईंचं म्हणणं. अंजनाकाकूंनी ते मानलं. कामं भरपूर होती, नदी जवळ असूनही लांब राहिली.

एकुलती एक मुलगी आदिती. ती सात वर्षांची झाली तशी काकूंनी विषय काढला, की मे महिन्यात हिला माहेरी नेतो आणि विहिरीत शिकवतो.

"पोरीच्या जातीला पवायला शिकवून काय करायचं हाय?" बनाबाई म्हणाल्या.

आप्पासो जेवत होते. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू की."

पुढच्या वर्षी आदितीला गोवर आला. त्याच्या पुढच्या वर्षी काकूंच्या भावाचं लग्न होतं, विहिरीवर जायला सवड झाली नाही. एवढंच कारण. मोठं असं काही नव्हतंच.

नवरात्राच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची रीत. पंचगंगेच्या घाटावर गर्दी फार, म्हणून त्या वर्षी गल्लीतल्या बायकांनी टेम्पो ठरवला आणि शहराबाहेरच्या एका जुन्या खणीवर गेल्या. दगड काढून काढून झालेला खड्डा, त्यात पावसाचं हिरवं पाणी. मी तेव्हा चौदा वर्षांची, आईबरोबर गेले होते. सोबत काकू, आदिती, आणि आमच्या शेजारच्या मल्लव्वा व त्यांची मुलगी विद्याश्री. आदिती आणि विद्याश्री दोघी चौथीत, एकाच बाकावर बसणाऱ्या.

खणीचा एक काठ उतरता होता. गुडघाभर पाण्यात कपडे आपटायचे, पिळायचे, वर खडकावर वाळत घालायचे. तिथून चार पावलं पुढं दगड एकदम तुटला होता आणि खाली पुरुषभर, दोन पुरुष, किती ते कुणालाच माहीत नव्हतं. वरून ते दिसायचं नाही.

काकू ओल्या सतरंज्या घेऊन वर गेल्या होत्या. मुली वाकळ खळबळत होत्या. भिजलेली वाकळ जड, ती हातातून सुटून पुढं सरकली. विद्याश्री धरायला गेली आणि दिसेनाशी झाली. आदिती तिला धरायला गेली. मी बघत होते. मला ओरडायलासुद्धा सुचलं नाही, माझी आई ओरडली.

काठावर आम्ही अकरा बायका आणि पोरी होतो. कुणालाही पोहता येत नव्हतं. मल्लव्वा पाण्यात धावत सुटल्या, त्यांना दोघींनी कमरेला धरून मागं ओढलं. आणि वरून अंजनाकाकू आल्या. थांबल्या नाहीत, कासोटाही नीट मारला नाही, खडकावरून सरळ सूर मारला.

पहिल्या बुडीत त्या विद्याश्रीला घेऊन वर आल्या. काठाकडं ढकललं, माझ्या आईनं ओढून घेतलं. पोरगी ओकली, खोकली, रडायला लागली. तोवर काकू परत खाली. वर आल्या रिकाम्या. परत खाली. किती वेळा ते मी मोजलं नाही. आदिती सापडली तेव्हा मल्लव्वांची पोरगी आईच्या मांडीवर बसून पाणी मागत होती.

आदितीला वाळत घातलेल्या सतरंजीवर निजवलं. काकू तिचं पोट दाबत होत्या, तोंडात हवा भरत होत्या. टेम्पोवाल्यानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात लावून मान हलवली.

बारा-तेरा दिवस गेल्यावर आप्पासोंनी बायकोला एकच प्रश्न विचारला. हे मला काकूंनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

"खाली हाताला लागली तवा तुला कळलं न्हाय काय, आपली न्हाय म्हणून?"

"कळलं हुतं," काकू म्हणाल्या. "हाताला काचेच्या बांगड्या हुत्या. आदिती घालायची न्हाय."

"मग?"

"मग काय सोडू? तीबी धरून बसलेली मला."

आप्पासो उठून दुकानात गेले. तो विषय पुन्हा घरात निघाला नाही. ते वाईट वागले असंही नाही. बाजार आणायचे, आईचं औषध आणायचे, काकूंना ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवायचे. पण त्या घरात दोन माणसं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत राहिली. आपणच 'पुढच्या वर्षी बघू' म्हणालो होतो, हे आप्पासो विसरले नसणार. काकूही विसरल्या नव्हत्या. दोघांपैकी कुणी ते तोंडातून काढलं नाही.

मल्लव्वांना गल्लीत राहवेना. रोज नळावर समोरासमोर यायचं कसं? वर्षाच्या आत त्यांनी निपाणीला बिऱ्हाड हलवलं. जाताना काकूंच्या पायावर डोकं ठेवून म्हणाल्या, "आक्का, ही तुझीच पोर समज."

"तिला पवायला शिकीव," काकू म्हणाल्या. "एवढंच कर."

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये काकू आमच्या घरी आल्या. माझ्याकडं बघत आईला म्हणाल्या, "शिवलीलाला उद्यापासून पहाटं नदीला घेऊन जातो. तुम्ही संगं या." आई नाही म्हणाली नाही. खणीच्या काठावर ती होती.

आम्ही सहा मुली होतो. पहिले चार दिवस काकूंनी पाण्यात पायच घालू दिला नाही. घाटाच्या पायरीवर उभं करून जुनं लुगडं फेकायला शिकवलं. "बुडणाऱ्याजवळ जायचं न्हाय. हात द्यायचा न्हाय. लुगडं टाकायचं, डबा टाकायचा, आडवं पडून वडायचं." झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा डबा माणसाला किती वेळ तोलून धरतो ते त्यांनी दाखवलं. पाचव्या दिवशी पाण्यात. आधी उताणं पडायचं, कान पाण्यात, नजर आभाळात. त्यांचा हात पाठीखाली असायचा आणि तो कधी निघून गेला ते कळायचं नाही.

आठवडाभरात पुलावर माणसं जमायला लागली. ओल्या पंजाबी ड्रेसातल्या पोरी बघायला. शिट्ट्या झाल्या. आया लुगड्यांचा आडोसा धरून उभ्या राहिल्या, तरी तीन मुली बंद झाल्या. बनाबाईंनी घरात बोलणं टाकलं. "पोर गेली हिची पाण्यानं, आन् ही रोज त्याच पाण्यात जाती," असं त्या देवळात सगळ्यांना सांगायच्या आणि सांगताना रडायच्या. खरंच रडायच्या. आदिती त्यांच्या कुशीत निजायची.

शहरात पोहण्याचा तलाव होता. फलकावर बायकांसाठी दुपारी एक ते दोन अशी वेळही लिहिलेली होती, पण शिकवायला बाई नाही म्हणून त्या तासाला कुलूप असायचं. काकू नगरसेवक हंबीररावांच्या ऑफिसात जाऊन बसायला लागल्या. आठवड्यातून दोनदा, दोन वर्षं. हंबीरराव माणूस वाईट नव्हता, मोठ्या आवाजाचा होता.

"वैनी, तुमचं दुःख मला कळतंय. पर बायका येणार हायत काय पवायला? तुमीच सांगा."

"कुलूप काढा, मग बघूया की येत्यात का न्हाय."

शेवटी कुलूप निघालं, पण अट आली. शिकवणाऱ्याकडं जीवरक्षकाचं प्रमाणपत्र पाहिजे. काकू नववी शिकलेल्या. पुस्तकातलं सगळं मी त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी पाठ केलं. पंधरा वर्षांच्या पोरांबरोबर परीक्षेला उभ्या राहिल्या. मी बघायला गेले होते. लांब अंतर त्या सहज पोहल्या. पोहत दुसऱ्या माणसाला ओढून आणायचं होतं, तेही केलं.

शेवटची परीक्षा अशी, की खोल बाजूला तळाशी टाकलेली वीट बुडी मारून वर आणायची. काकूंनी बुडी मारली. परीक्षक घड्याळ बघत होते. अर्धं मिनिट गेलं. पाऊण गेलं. ते काठावर वाकले आणि मग कपड्यांनिशी उडी टाकली. वर आणलं तेव्हा काकू धापा टाकत होत्या, हात तसेच पुढं पसरलेले. परीक्षकांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांच्या घरात काय झालंय का?" वीट समोर पडलेली, काकूंनी ती बघितलीही नव्हती. दोन्ही हातांनी तळ चाचपत त्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरत होत्या.

प्रमाणपत्र मिळालं नाही. त्या दिवसानंतर काकूंनी पुन्हा कधी डोकं पाण्याखाली घातलं नाही. तलावाच्या माणसांनी तोड काढली. प्रमाणपत्र असलेला एक वयस्क शिक्षक बाहेर खुर्चीवर पाण्याकडं पाठ करून बसणार, आणि काकू 'मदतनीस' म्हणून आत. दोन हजार एकच्या एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी नऊ मुली आल्या. पुढच्या उन्हाळ्यात चाळीस. गवंड्यांच्या पोरी, भाजीवाल्यांच्या, पेठेतल्या सुनासुद्धा. भर उन्हात काठावरची फरशी पाय भाजायची. काकू गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून एकेकीला धरायच्या. बुडी मारायला मात्र मी शिकवायचे, कारण तोवर परीक्षा मी दिली होती आणि पास झाले होते.

कुणी कौतुक करायला लागलं की काकू ऐकून घ्यायच्या नाहीत. एकदा वर्तमानपत्रातला माणूस आला. त्यानं विचारलं, तुमच्यामुळं किती मुलींचे जीव वाचले असतील? काकू म्हणाल्या, "ते कसं मोजणार? जे झालं न्हाय ते दिसतंय व्हय?" आणि आत निघून गेल्या.

दोन हजार आठच्या मे महिन्यात एक मुलगी तलावाच्या दारात उभी राहिली. उंच, सावळी. मी ओळखलं नाही. काकूंनी ओळखलं असणार, कारण त्यांच्या हातातली शिट्टी खाली पडली.

"काकू, मी विद्याश्री." ती थांबून थांबून बोलत होती. "आईनं मला कधी पाण्याजवळ जाऊ दिलं न्हाय. बादलीतल्या पाण्याचीबी भीती वाटती मला. आता लग्न ठरलंय. गाव कृष्णेकाठी हाय, शिरोळजवळ. दोन हजार पाचला त्या घरात छातीएवढं पाणी आल्तं. मला शिकवाल?"

"ये," काकू म्हणाल्या.

पाण्यात घेतलं. सगळ्या नव्या मुली करतात तेच तिनं केलं, पाय सुटल्याबरोबर काकूंच्या गळ्याला मिठी मारली. काकू तिला सोडवत होत्या आणि सोडवता येत नव्हतं. मी काठावरून बघत होते. काकूंचे ओठ हलत होते. मग त्यांनी मला हाक मारली. सात वर्षांत कधी मारली नव्हती अशी.

"शिवलीला, हिला तू शिकीव. माझ्यानं न्हाय व्हायचं."

त्या बाहेर पडल्या, ओल्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळून चालत घरी गेल्या आणि विद्याश्री शिकत होती तितके दिवस आल्या नाहीत. शेकडो मुली त्या हातांवर तरंगल्या, ही एक तेवढी नाही.

विद्याश्री एकोणीस दिवसांत शिकली. भीतीनं थरथरत शिकली, पण शिकली. विसाव्या दिवशी न थांबता तलावाची लांबी पार केली, काठाला लटकून रडली, आणि म्हणाली, मला काकूंना सांगायचंय.

संध्याकाळी मी तिला घेऊन गेले. बनाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. आप्पासो बाहेर सोप्यात बसले होते, काकू आत स्वयंपाक करत होत्या. विद्याश्रीनं दारातूनच सांगितलं, "काकू, मला आलं." आतून भांड्यांचा आवाज थांबला. काकू बाहेर आल्या नाहीत.

मला वाटलं आता परतावं. तेवढ्यात आप्पासोंनी तिला बस म्हणून खूण केली. ते तिच्याकडं बघत राहिले. केसांकडं, उंचीकडं, हनुवटीकडं.

"किती वर्षांची झालीस, पोरी?"

"वीस."

"व्हय," आप्पासो म्हणाले. "विसावंच असणार."

मग त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून सांगितलं, "हिचंबी ताट कर. दिवस मावळायच्या आत जेवून घेऊया."

काकूंनी चार ताटं वाढली. विद्याश्रीच्या ताटात भाकरी ठेवताना त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, पण दुसरी भाकरी न विचारता वाढली. आप्पासो खाली मान घालून जेवत होते. काकूंनी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला. आम्ही जेवत राहिलो.