वटवाघूळ, डायटम आणि एक रिकामी खोली

कॉलेजातले किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो, कारण एक सांगावा तर शेपटाला दुसरा निघतो! हे आमच्या संगमनेरच्या कॉलेजातले, बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराचे. मी डेमॉन्स्ट्रेटर.

प्राणिशास्त्राचे देशमुख सर वटवाघळांवर काम करत. वनस्पतिशास्त्राचे जोशी सर डायटमवर, म्हणजे प्रवरेच्या पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळावर. लॅबशेजारची एक खोली रिकामी झाली आणि ती दोघांनाही हवी होती.

*

देशमुख सरांनी वटवाघूळ आणून लॅबमध्ये टांगलं. जोशी सर म्हणाले, "दिवसभर नुसतं लोंबकळायचं! याला खोली कशाला? प्राध्यापक करा!"

"निदान दिसतं तरी! तुमचं हजर आहे की रजेवर, तेच कळत नाही."

*

जोशी सरांनी शिपाई रामभाऊंना मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं.

"दिसलं?"

"दिसलं की! लई केसाळ हाय!"

रामभाऊंना स्वतःच्या पापण्या दिसत होत्या. देशमुख सर लगेच म्हणाले, "केसाळ? मग सस्तन प्राणी. आमच्याकडं द्या!"

*

दुष्काळात प्रवरा आटली. जोशी सरांनी डायटमचं पाणी दोन महिने बरणीत जपलं होतं. एका सकाळी बरणी लख्ख!

"लई शेवाळलं हुतं सर, घासून काढली," रामभाऊ म्हणाले.

सर स्टुलावर बसले ते उठेचनात. मला खरंच वाईट वाटलं. त्या दिवशी देशमुख सरांनीच त्यांना चहा पाजला.

*

शेवटी प्राचार्यांनी खोलीचं प्रकरण हेडक्लार्क शेलार भाऊसाहेबांवर ढकललं. भाऊसाहेबांचा नियम एकच. झाडू घ्यायचा असला तरी तीन अर्ज, तुलनेचा तक्ता, आणि ज्याची मागणी सगळ्यात कमी त्याला मंजुरी!

त्यांनी तक्ता आखला. वटवाघूळ: खुराक पेरू, घाण भरपूर. डायटम: खुराक ऊन, पाणी लागतं. जोशी सर गालातल्या गालात हसले.

"पन तिसरा अर्ज कुठंय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

तिसरा अर्ज नेहमी नावालाच असायचा. दोघा सरांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. भूगोलाच्या कपाटातला एक दगड आणून त्यांनी त्याच्या वतीनं अर्ज लिहिला. खुराक नाही, पाणी नाही, घाण नाही.

सोमवारी खोलीवर भूगोलाची पाटी! भूगोलाचे पठाण सर धावत ऑफिसात आले.

"भाऊसाहेब, मी तर अर्जच केला नव्हता!"

भाऊसाहेबांनी फाईलमधून मान वर केली नाही.

"तुमी न्हाई सर. दगडानं केलाय."