घाण वर येते

अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या खदानीच्या मॅनेजरइतका पिवळा कोणी नाही. मालकाचा साळा, एवढीच त्याची लायकी. शेलूबाजारहून जीपने यायचा, खुर्चीत बसायचा आणि तिथूनच आम्हाला हाकायचा.

आमच्याकडे काळा दगड फोडून त्याची वाळू करतात आणि ती धुतात. धुतलेल्या पाण्यात दगडाचं पीठ उरतं, इतकं बारीक की दोन दिवस ठेवलं तरी खाली बसत नाही. त्यासाठी मालकाने एक टाकी बसवली होती आणि ती मी चालवायचो. आधी औषध टाकून पिठाच्या गुठळ्या करायच्या, मग दाबाने हवा मुरवलेलं पाणी तळातून सोडायचं. बारीक बुडबुडे उठतात, गुठळ्यांना चिकटतात आणि त्यांना घेऊन वर येतात. वर राखाडी फेस, खाली नितळ पाणी. फेस खड्ड्यात टाकायचा, खालचं पाणी नाल्यात सोडायचं. त्या नाल्याच्या पात्रातच पुढच्या वस्तीची विहीर आहे. माझी मावशी तिचंच पाणी पिते.

एक दिवस मॅनेजरने टाकीत डोकावून पाहिलं आणि त्याला शोध लागला.

"घान खाली बसते ना? मंग खालचं पानी नाल्यात काहून सोडून राह्यला?"

"भाऊ, इथं उलटं असते. हवा घान वर आनते."

"मले शिकवतं का? आमच्या घरी रांजनात तुरटी फिरवतात. गाळ खाली, चांगलं पानी वर. शेंबडं पोरगं सांगन."

"अन् हा फेस?"

"फेसाचं काय! साबनाले नाई येत का?"

त्याने टाकीचे वरचा-खालचा दोन्ही कॉक उलटे फिरवायला सांगितलं, म्हणजे फेस नाल्यात आणि नितळ पाणी खड्ड्यात. मी फिरवले. पुढच्या आठवड्यात तपासणीचे साहेब येणार होते, त्यांच्यासमोर याची शोभा होईल, या विचाराने मला गंमत वाटत होती. खोटं कशाला सांगू?

साहेबही त्याच लायकीचे निघाले. आज येतो, उद्या येतो करत पंधरा दिवस गेले. इकडे राखाडी फेस नाल्यात जात होता आणि खड्ड्यात आरशासारखं पाणी साचत होतं. मॅनेजर त्या पाण्याने तोंड धुवायचा, तरी त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही. मी बाजूला उभा राहून मनातल्या मनात हसायचो.

मग एका सकाळी मावशी आली. हातात गडवाभर पाणी, राखेसारखं.

"तीन दिस झाले, तुरटी फिरवून राह्यली मी. नितळतच नाई."

मॅनेजरने गडव्यात पाहिलं. "मावशी, तुरटी कमी पडली तुमची."

मला हसू फुटलं. किती मूर्ख असावं माणसाने! मी तोंड फिरवलं, पण तिने पाहिलंच.

"हासतं कायले? तुले माईत होतं?"

"मी या भाऊले सांगतलं होतं. यायनं आयकलं नाई."

"भाऊले सांगतलं. मले काहून नाई सांगतलं?"

मॅनेजर गाढव होता, हे मी आजही म्हणतो. पण तो ते पाणी चांगलं समजून सोडत होता. मी ते काय आहे हे जाणून सोडत होतो, आणि रोज हसत होतो.

मी टाकीकडे गेलो. मॅनेजर मागून ओरडत राहिला. मावशीने गडवा तिथेच मातीत ओतला आणि रिकामा गडवा घेऊन ती उभी राहिली. मी दोन्ही कॉक पुन्हा पहिल्यासारखे फिरवले. पान लावायलाही याहून जास्त वेळ लागतो.