मोरीत टाकलेल्या गोळ्या

मला सातवा महिना होता तेव्हा सासूला तांदळाच्या डब्यामागं गोळ्यांचं पाकीट सापडलं. सासूला मी आत्या म्हणते. आत्या एका खानावळीत भाकऱ्या थापायच्या. त्या सकाळी कामावर निघता निघता तांदूळ काढायला गेल्या आणि पाकीट हातात घेऊनच माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे काय गं?"

"कंबरेचं औषध."

"पडून तर वरीस झालं की."

खरं होतं. लग्नापासून मी मंगल कार्यालयात भांडी घासायला जायची. जिन्यावरून पातेलं उतरवताना पाय घसरला आणि कंबरेवर आपटले. शहागंजातल्या डॉक्टरांनी पिवळ्या कॅप्सूल लिहून दिल्या. आठवडाभरच घ्या म्हणाले होते. पण गोळी घेतली की दिवसभर वाकून काम व्हायचं आणि मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर देत राहिला. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी स्वतःहून सोडून पाहिल्या. संध्याकाळपर्यंत नाक गळायला लागलं, अंगावर काटा, पाय एका जागी ठरेनात. ताप आहे असं समजून पडून राहिले. शेवटी न राहवून एक गोळी घेतली आणि थोड्याच वेळात सगळं शांत झालं. कंबर तर त्या दिवशी दुखतच नव्हती. तेव्हा मला जे कळलं ते मी कुणालाच सांगितलं नाही. नवरा ट्रकवर, महिन्यातले थोडेच दिवस घरी. त्यालाही नाही.

आत्यांनी एकेक कॅप्सूल फोडून पावडर मोरीत टाकली. वरून बादलीभर पाणी ओतलं.

"पोटातल्या लेकराला इष पाजती व्हय? आजपासून बंद."

त्या कामावर गेल्या नाहीत. दाराला आतून कडी लावून उंबऱ्याशी बसून राहिल्या. मी भांडले नाही. मलाही वाटलं, बरं झालं, आता सुटेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोरीपाशी बसून ओकत होते. घामानं परकर चिकटला होता. पोटातलं बाळ आधी सारखं धडपडत होतं. मग पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं, सुटायचं आणि पुन्हा आवळायचं. आत्यांनी पोटावर हात ठेवला आणि झटकन उठून रिक्षा आणायला धावल्या.

आमच्या हर्सूलहून सरकारी दवाखान्यापर्यंत रिक्षा खड्ड्याखड्ड्यांतून हादरत होती. आत्यांनी मला घट्ट धरलं होतं. मध्येच कानाशी येऊन म्हणाल्या, "तिथं गोळ्यांचं नाव काढू नको. पोलिसात देतेत. लेकरू काढून घेतेत."

तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

"नाय," माझ्याआधी आत्याच म्हणाल्या.

"झोपेची, दुखण्याची, काहीच नाही?"

"नाय म्हणलं ना."

तिनं माझे डोळे पाहिले, घामेजलेल्या हातावरचा काटा पाहिला. खुर्ची जवळ ओढून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "रागवणार नाही. काही घेत होतीस आणि अचानक सोडलंस का? मला कळलं नाही तर मी चुकीचं औषध देईन."

मी आत्यांकडं पाहिलं. त्यांनी नजर वळवली. माझं पोट पुन्हा आवळलं आणि तोंडातून किंकाळी निघाली.

"म्या सोडायला लावलं," आत्या एकदम बोलल्या. "कंबरेच्या गोळ्या व्हत्या. म्या मोरीत टाकल्या. काय करायचं ते मला करा, तिला काय करू नका."

डॉक्टरीण त्यांच्यावर ओरडली नाही. "मावशी, या गोळ्या अशा एकदम थांबवायच्या नसतात. आईला त्रास होतो तसा बाळालाही होतो. हळूहळू उतरवाव्या लागतात. आता मी मोजून औषध देते."

आत्या तिथंच फरशीवर बसल्या. "म्हंजे मीच लेकराला..." एवढंच म्हणाल्या.

मला भरती केलं. रोज नर्सच्या समोर औषध घ्यायचं, आपल्या मनानं काही नाही. कळा थांबल्या. पोटाला मशीन लावून बाळाचे ठोके ऐकवले तेव्हा आत्यांनी डोळे मिटून घेतले होते. पोलीस कुणी आलं नाही.

मुलगी नवव्या महिन्यात झाली. पहिल्या दिवशी चांगली होती. दुसऱ्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले. रडणं बारीक आणि टोकदार, थांबतच नव्हतं. शिंका येत, दूध ओढता येईना. हे होणार असं डॉक्टरिणीनं आधी सांगितलं होतं, तरी डोळ्यांनी बघणं वेगळं. एका नर्सनं "आईचे प्रताप" असं पुटपुटलेलं मला ऐकू आलं. मी मान वर केली नाही. त्यांनी बाळाला थेंब थेंब औषध दिलं, खोलीतला उजेड कमी केला, छातीशी उघडं धरून बसायला सांगितलं. मी थकले की आत्या पोलक्याची बटणं सोडून तिला घ्यायच्या, हलायच्यासुद्धा नाहीत. हळूहळू थरथर उतरली. एका सकाळी तिनं पोटभर दूध घेतलं आणि सलग झोपली. तेव्हा आत्या पदर तोंडात धरून रडल्या.

घरी आलो तेव्हा गल्लीतल्या बायका विचारायला आल्या, इतके दिवस कशाला ठेवलं? आत्या म्हणाल्या, "कावीळ झाली व्हती पोरीला."

मुलगी आता भिंत धरून चालते. माझं औषध अजून पूर्ण सुटलेलं नाही, दवाखान्याच्या प्रत्येक खेपेला थोडं कमी करतात. आत्या दर वेळी सोबत येतात, बाहेर बाकावर पोरीला घेऊन बसतात. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी बोलत नाही. एकदा मी विषय काढला, म्हटलं, "आत्या, तुम्ही बोलला नसता तर..."

"भाकर करपायली तुझी," त्या म्हणाल्या. "तव्याकडं बघ."