वगळायच्या यादीतली पहिली ओळ

आमचे मामा चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करत होते. सोनारापासून धान्याच्या गोदामापर्यंत ज्याचा काटा रुसला तो मामांचं दार ठोठावायचा. अर्ध्या ग्रॅमची चूक त्यांना बेचैन करायची आणि बाकी आयुष्यात मात्र सगळा आनंद. लग्न राहून गेलं, कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचे आणि घाई हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारला तर बहुधा त्याचा अर्थ विचारला असता. मला अशा माणसांचा राग येतो. मामांचा तर शंभरदा आला असेल, पण दर वेळी त्यांच्याच खोलीत चहा पिता पिता तो विरून गेला.

पंचावन्नाव्या वर्षी ते प्रोग्रॅमिंग शिकले. शिकले ते एकाच माणसासाठी, माझ्या आईसाठी, म्हणजे त्यांच्या ताईसाठी.

आई दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीवर बत्तीस वर्षं होती. आवाज खणखणीत, जीभ त्याहून. ‘उजवीकडे म्हणाले मी, हा तुमचा डावा हात,’ हे तिचं वाक्य तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं. नऊ वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं आणि त्यात आवाज जाणार हेही ठरलं. मध्ये एकोणीस दिवस होते. मामांनी त्यांच्या खोलीच्या खिडक्यांवर ब्लँकेटं टांगली, आईला मायक्रोफोनसमोर बसवलं आणि तिच्याकडून शब्द वाचून घेतले. शब्द, अर्धे शब्द, आकडे, नावं, प्रश्न. कंटाळली की ती मामांनाच झापायची, आणि मामा तेही जपून ठेवायचे.

पुढे दोन वर्षं खपून त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. आई टाइप करते, प्रोग्रॅम त्या हजारो तुकड्यांतून हवे ते निवडतो, जोडतो आणि बोलतो. वाक्याच्या शेवटाला किंचित अडखळतो, पण आवाज तिचाच. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

फक्त एक होतं. हे सगळं मामांच्या खोलीतल्या एकाच संगणकावर चालायचं. त्यामुळे आई रोज चार वाजता पंधरा मिनिटं चालत तिकडे जायची. घरी टेबलावर चिठ्ठी असायची, ‘बोलायला गेले आहे.’ दिवसभराचं साठलेलं ती तिथे बोलून यायची. दोघं भावंडं, दोन कप, पडद्यातून येणारं पिवळं ऊन, आणि त्या उन्हात तरंगणारा आईचा आवाज. मी कधी सोबत गेले तर दाराशीच थांबायचे. डोळे मिटले की मी दहा वर्षांची व्हायचे आणि आई स्वयंपाकघरातून कुणालातरी रागावत असायची. सात वर्षं असंच चाललं.

गेल्या वर्षी तो संगणक थकला. पंखा मध्येच थांबायचा, खोकं तापायचं आणि सगळं काळं व्हायचं. त्याचे भाग मिळेनात. त्यात मामांच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला. संगणकावरची अक्षरं त्यांना आता भिंग लावून वाचावी लागत. आवाजाच्या प्रती दोन डिस्कवर कपाटात सुखरूप होत्या, पण नुसते तुकडे घेऊन काय करायचं? ते जोडणारा प्रोग्रॅम त्या खोक्याबरोबर बंद पडला की आईही बंद पडणार होती. दूरच्या गावातले एक शिक्षक आणि एक नर्स, दोघेही हौशी प्रोग्रॅमर, हे काम पुढे सांभाळायला तयार होते. पण मामांचा कोड त्यांच्याकडे उघडायचाच नाही. त्याला लागणारे तयार कोडचे गठ्ठे, म्हणजे लायब्रऱ्या, इतक्या जुन्या आता कुणाकडे असतात? ते कळवायचे, चालत नाही. मामा उत्तर द्यायचे, माझ्याकडे चालतंय. यात वर्ष गेलं.

शेवटी मी मध्ये पडले. माझं ऑफिसातलं काम हेच आहे. दुसऱ्यांसाठी दिवसभर कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम सगळ्या सामानासकट भरायचे डबे, बांधते आणि घरचं काम सात वर्षं तसंच पडलेलं, म्हणजे दिव्याखाली अंधार. एका रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन मामांकडे गेले. आई आधीच येऊन बसली होती.

“हे नक्की कुठे ठेवणार तू?” मामांनी विचारलं.

“क्लाउडमध्ये.”

“म्हणजे कुणाच्या तरी घरी.”

“कुणाच्या तरी मोठ्या संगणकावर. हे बघा मामा, तुमच्या प्रोग्रॅमला काय काय लागतं त्याची एक फाइल लिहायची. कुठली सिस्टिम, कुठली भाषा, कुठली जुनी लायब्ररी, कितवी आवृत्ती. ती वाचून तिकडचा संगणक एक बंद डबा तयार करतो. त्यात सगळं सामान, जिथल्या तिथे. मग मी, ते शिक्षक, ती नर्स, कुणीही ब्राउझर उघडायचा की समोर तुमची ही खोली. काही बसवायला नको. ‘माझ्याकडे चालतंय’ हे वाक्य कायमचं बंद.”

“चांगलं वाक्य होतं,” मामा म्हणाले.

फाइल लिहायला दोन तास लागले. मामा डोळे मिटून आवृत्त्यांचे आकडे सांगत होते. सगळे तोंडपाठ, दशांशासकट. मग मी बटण दाबलं आणि टर्मिनलच्या काळ्या चौकटीत ओळी वाहू लागल्या. बांधकाम चालू असताना करण्यासारखं काही नसतं. मामांची मान छातीवर आली. आई खिडकीशी बसून ओठ हलवत काहीतरी मोजत होती. ओळी वर सरकत होत्या आणि मला वाटलं, खरंच कुठेतरी लांब, जिथे आम्ही कुणी कधी जाणार नाही तिथे, ही खोली पुन्हा बांधली जातेय. भिंती उभ्या राहतायत, टेबल लागतंय, आणि आता फक्त माणसांनी येऊन बसायचंय. किती वेळ गेला कळलं नाही.

सगळं हिरवं झालं, म्हणजे डबा तयार. मी लॅपटॉप आईपुढे सरकवला. तिने टाइप केलं, “मी बोलतेय का?”

आणि एक अनोळखी पुरुष सपाट आवाजात म्हणाला, “मी बोलतेय का?”

आई आधी हसली. तिचं हसणं बिनआवाजी असतं, खांदे तेवढे हलतात. मग खांदे थांबले.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला फार वेळ लागला नाही. कोडबरोबर काय पाठवायचं नाही याची प्रत्येक प्रकल्पात एक यादी असते. तात्पुरत्या फाइली, केरकचरा, असलं काहीबाही. मामांच्या यादीतली पहिलीच ओळ होती, ‘ताई’. आवाजांचं सगळं फोल्डर वगळलेलं. आवाज सापडला नाही की प्रोग्रॅम यंत्राचा आवाज लावायचा. यादीची तारीख पाहिली, नऊ वर्षांपूर्वीची. प्रोग्रॅमची एकही ओळ लिहायच्या आधी त्यांनी ही ओळ लिहिली होती.

माझं डोकं फिरलं. “मामा, ताकाला जाऊन भांडं लपवता? वर्षभर त्या दोघांना राबवलंत, आज मला राबवलंत, आणि आवाज पाठवायचाच नव्हता?”

“तिचा आवाज आहे तो,” मामा म्हणाले. “कुणीही परकं माणूस बटण दाबणार आणि ती बोलणार. मला नाही बरं वाटत.”

आई उठली, जुन्या संगणकापुढे बसली आणि खाडखाड टाइप करू लागली. तिचा आवाज आला, तोच, खिडकीवरचा. “बत्तीस वर्षं मी परक्या माणसांशीच बोलले. त्यांना घाबरले नाही. आणि आता तू मला कपाटात ठेवून...”

पंखा थांबला. पडदा काळा झाला.

पुढचं वाक्य तिच्या तोंडावर होतं. ओठांवर ते पूर्ण झालेलं दिसत होतं, पण खोलीत काहीच नव्हतं. टेबलावर कागद होता, पेन होतं. तिने ते घेतलं नाही. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. भांडं जोरात आपटल्याचं तेवढं ऐकू आलं.

खोकं निवायला वीस मिनिटं लागतात. मामा हातातलं भिंग शर्टाला पुसत बसले होते. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते मला अवघड जातं.

“परक्यांचं खरं नाही ते,” मामा हळूच म्हणाले.

“मग?”

“ती रोज चार वाजता येते. कशासाठी येते? बोलायला. तू हे कुठेही चालवलंस, तिच्या घरी, तिच्या हातात दिलंस, तर ती इथे कशाला येईल? माझ्याशी बोलण्यासारखं असतं काय माझ्याजवळ? मी आपला ऐकतो.” मग म्हणाले, “वाईट आहे हे. मला माहीत आहे. नऊ वर्षं माहीत आहे.”

माझा राग गेला तो कुठे गेला कळलं नाही. चाळीस वर्षं लोकांचे काटे सरळ करणाऱ्या या माणसाने आपल्या पारड्यात एवढं एक बोट ठेवलं होतं. आतून कपांचा आवाज येत होता. मामांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, भिंग लावून ती ओळ शोधली आणि एकेक अक्षर मागून पुसत गेले. घाई नाही. मग कपाटातली डिस्क मला काढून दिली.

अख्खं फोल्डर क्लाउडवर चढायला संध्याकाळ झाली. आईने पुन्हा तोच प्रश्न टाइप केला आणि या वेळी लॅपटॉपमधून तीच बोलली. तिने मामांकडे पाहिलं नाही. चालू प्रोग्रॅमचा पत्ता मी माझ्या जुन्या टॅबलेटवर उघडून दिला, तो पिशवीत घालून ती घरी गेली. जाताना “उद्या येते” असं काही तिने म्हटलं नाही, आणि मामांनीही विचारलं नाही.

सोमवारी मी सुट्टी टाकून त्यांच्याकडे गेले. शिक्षक आणि नर्स दोघांनी आपापल्या ब्राउझरमध्ये डबा उघडला होता; नर्सने तर वाक्याच्या शेवटच्या अडखळण्यावर काम सुरूही केलं होतं. मामांना मी ते वाचून दाखवत होते. ते हो हो म्हणत होते. टेबलावर त्यांनी दोन कप मांडले होते. चार वाजले. सव्वाचार झाले. मामांनी एक कप उचलून आत नेऊन ठेवला, परत आले आणि डोळे मिटून खुर्चीत बसले.

“स्वप्नात असा आवाज येतो कधीकधी,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “रस्त्यावरून. लहानपणी शाळेतून येऊन ती खालून हाक मारायची ना, तसा. आता आला.”

मलाही आला होता. मी खिडकीशी गेले. खाली फुटपाथवर आई टॅबलेट दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी होती, आवाज पूर्ण मोठा केलेला. येणारेजाणारे थांबून बघत होते. तिने टॅबलेट खाली घेतला, एका बोटाने बराच वेळ टाइप केलं आणि पुन्हा वर धरला.

“दार उघड रे. कालचं अर्धं राहिलंय.”