मी कवड्या म्हटलं होतं

"साप कवड्या नव्हता, बाबा. मण्यार असणार. यांचं अंगच सांगतंय."

मलकापूरच्या दवाखान्यात डॉक्टर हे बोलले तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. माझी बायको काशी बाकावर माझ्या खांद्याला टेकून बसली होती. डॉक्टरांनी बोटानं तिची पापणी वर उचलली अन् सोडली. पापणी पडदा पडावा तशी खाली आली. जीभ बाहेर काढा म्हणाले. जीभ दाताच्या पुढं आली नाही.

त्यांनी एक इंग्रजी शब्द सांगितला, न्यूरोटॉक्सिक. मी मराठी चौथी शिकलेला माणूस, मला काय कळणार. मग त्यांनी समजावून सांगितलं. काही सापांचं विष रक्तावर जातं, तिथं सूज येते, रक्त वाहतं. मण्यारीचं विष नसांवर जातं. सूज नाही, आग नाही. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग बोलता येत नाही. शेवटी छातीचे स्नायू लुळे पडतात अन् श्वास थांबतो.

मी तरीही म्हटलं, "नाही साहेब, कवड्याच होता. मले सापाची ओयख हाय."

माझा धाकटा भाऊ पुंडलिक सोबत होता. तो म्हणाला, "भाऊचं कधी चुकत नाही साहेब. कोनाच्या घरात साप निंगाला का गाव भाऊलेच बोलावते."

डॉक्टर पुंडलिककडे बघायलाही तयार नव्हते. त्यांनी मला विचारलं, "सापाचं डोकं पाहिलं का? पांढरे पट्टे मानेपासून होते की खालून सुरू झाले? शेपटीवर पट्टे होते का? साप आणलाय का?"

या चार प्रश्नांची उत्तरं द्यायची तर पहाटेपासून सांगावं लागेल.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. धामणगाव बढ्यापासून कोसभर आत आमचं गाव. मी बाजेवर झोपत असे, ती खाली गोधडीवर. कोंबडं आरवायच्या सुमारास ती उठून बसली अन् म्हणाली, कोपराले काहीतरी डसलं, मुंगया असन. मी कंदील मोठा केला. ज्वारीच्या कणगीच्या बुडाशी साप. काठीचा पहिला घाव डोक्यावर बसला, दुसरा मानेवर. डोकं अन् मान यांचा चेंदामेंदा झाला. मागचा भाग बराच वेळ जमिनीवर आपटत राहिला. काळं अंग, पांढरे पट्टे.

मी म्हटलं, कवड्या हाय, बिनविषारी.

कवड्या आमच्याकडं पालीच्या मागं घरात शिरतो, भिंतीवर चढतो. वीस वर्षांत लोकांच्या घरातून पट्ट्यापट्ट्याचे जेवढे साप मी काढले ते कवड्याच निघाले होते. म्हणून हाही कवड्या. पाहून म्हटलं नाही, सवयीनं म्हटलं.

काशी कंदिलाच्या उजेडात वाकून बघत होती. म्हणाली, "जरा नीट पाहा ना. चकाकते किती हा."

मी म्हटलं, "तुले काय समजते त्यातलं?"

हे वाक्य मी पुसून टाकू शकत नाही म्हणून लिहून ठेवतो.

तिच्या कोपराजवळ दोन बारीक ठिपके होते. डास चावल्यावर दिसतात त्याहून मोठे नाहीत. दुखत नव्हतं, सुजलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बघा, कवड्याच. तेवढ्यात गलका ऐकून शेजारच्या बायका जमल्या अन् पुंडलिक कडुनिंबाचा पाला घेऊन आला. आमच्याकडं अशी समजूत आहे की साप चावलेल्याला पाला चघळायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलं. काशीनं तोंड वाकडं करून थुंकला. कडूजहर लागला म्हणाली. झालं, सगळे निवांत झाले. शेजारच्या बायका आपापल्या घरी गेल्या.

साप मारला की जाळायचा, ही दुसरी समजूत. त्याच्या डोळ्यात मारणाऱ्याची छबी राहते अन् जोडीदार सूड घ्यायला येतो म्हणतात. पुंडलिकनं गोठ्यामागं गोवऱ्या रचून, वर तुपाचा थेंब टाकून साप जाळला. सूर्य वर यायच्या आत राख झाली. डॉक्टरांना दाखवायला जे हवं होतं ते आम्ही धर्म म्हणून जाळून बसलो.

काशीनं चूल पेटवली. भाकरी थापायला बसली तेव्हा पोटात कळ आली. उलटी झाली. मी ओवा दिला. मग म्हणाली घसा आवळून येतो, पाणी उतरत नाही. त्यानंतर तिचा आवाज नाकातून यायला लागला, पडसं झाल्यासारखा. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो अन् मला काही दिसत नव्हतं. मग ती म्हणाली, "डोये उघडून नाही राह्यले माये." तेव्हा मी पुंडलिकला हाक मारून गाडी जुंपायला सांगितली.

बैलगाडीनं धामणगाव, तिथून एसटी. कंडक्टरनं तिची मान पडलेली पाहिली, काय झालं विचारलं, अन् पुढं जाऊन ड्रायव्हरच्या कानात बोलला. मलकापूर येईपर्यंत गाडी मधे कुठं थांबली नाही. रस्त्यात हात दाखवणारे लोक शिव्या देत मागं राहिले. त्या दोघांची नावं मला माहीत नाहीत.

आता डॉक्टरांच्या प्रश्नांवर येतो.

डोकं पाहिलं नव्हतं, कारण डोकं राहिलंच नव्हतं. मान तशीच. साप आणला नव्हता, कारण त्याची राख झाली होती. राहिला शेपटीचा प्रश्न. ती शेपटी जमिनीवर आपटताना मी पाहिली होती. डोळे मिटले की आजही दिसते. तिच्या टोकापर्यंत पांढऱ्या रेघा होत्या, बारीक, दोन दोन जवळ, चुन्यानं आखल्यासारख्या.

डॉक्टर म्हणाले, "कवड्याचे पट्टे मानेपासून निघतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचे मानेखाली थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीवर अगदी स्पष्ट असतात. अंग निळसर काळं, चकचकीत. बाबा, माझ्याकडं औषध आहे, पण ते घोड्याच्या रक्तापासून करतात. कुणाकुणाच्या अंगावर ते उलटतं. तुम्ही छातीवर हात ठेवून कवड्या म्हणत असाल तर मला विचार करावा लागेल. तुम्ही खरंच पाहिला का?"

पुंडलिक माझ्या तोंडाकडं बघत होता. भिंतीला टेकलेले अनोळखी लोकही बघत होते. वीस वर्षांचा माझा मान त्या एका उत्तरात होता.

मी म्हटलं, "नाही पाह्यला साहेब. मी असंच म्हटलं. शेपटीवर रेघा होत्या."

डॉक्टर एक शब्द रागाचा बोलले नाहीत. वळून नर्सबाईंना औषध काढायला सांगितलं. त्याला अँटी-स्नेक व्हेनम म्हणतात, सापाचं विष उतरवणारं औषध. सलाईनमधून थेंब थेंब दिलं.

पण सहा तास मी वाया घातले होते. चढलेलं विष औषधानं लगेच उतरत नाही. बारानंतर तिची छाती हलायची थांबली. डॉक्टरांनी घशातून नळी घातली अन् नळीला रबरी फुगा लावला. फुगा दाबला की छाती वर येते, सोडला की खाली जाते. नर्सबाई दाबत होत्या. काशीचा हात उचलला तर धपकन पडत होता. डोळा उघडून पाहिला तर बुबुळही हलत नव्हतं.

दुपारी गावातून आणखी सात-आठ जण आले. पुंडलिक बाहेर जाऊन त्यांच्याशी बोलून आला अन् खाटेजवळ उभं राहून मला म्हणाला, "भाऊ, वयनीत आता काही राह्यलं नाही. दिवस मावळायच्या आत नेलं पायजे. लाकडाचं मी सांगून आलो."

डॉक्टरांनी ते ऐकलं. माझं मनगट धरून माझी बोटं तिच्या नाडीवर ठेवली. नाडी चालू होती, सावकाश अन् सरळ.

"या जिवंत आहेत," डॉक्टर म्हणाले. "स्नायू लुळे आहेत, डोकं शाबूत आहे. तुम्ही उशाशी जे बोलताय ते सगळं त्यांना ऐकू येतंय. मण्यार चावलेली माणसं मेली समजून लोक घेऊन जातात. विष उतरेपर्यंत आपण यांचा श्वास चालवायचा, बस."

पुंडलिकचं तोंड उतरलं. त्याने आधी काशीच्या पायाला हात लावला, मग फुग्याला.

पुढचे दोन दिवस अन् दोन रात्री आम्ही फुगा दाबला. मी, पुंडलिक, कंपाउंडर, नर्सबाई, पाळीपाळीनं. डॉक्टरांनी बजावलं होतं, स्वतःचा श्वास घेतो त्याच चालीनं दाबायचा, घाई करायची नाही. माझा अंगठा सुजून वांग्याएवढा झाला. डुलकी आली की नर्सबाई खांद्यावर थाप मारत.

ऐकू येतं म्हटल्यावर बोलणं भाग होतं. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी कामापुरतं बोललो होतो. म्हैस पुंडलिकच्या घरी बांधली आहे म्हटलं. दोन्ही लेकींना कळवलं आहे म्हटलं. दुसऱ्या दिवशी फुगा दाबता दाबता म्हटलं, तू चकाकते म्हणत होती ते बरोबर होतं, मी चुकलो. तिच्या तोंडावर काही हललं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पायाचा अंगठा हलला. आधी पुंडलिकनं पाहिला अन् डॉक्टरांना बोलवायला अनवाणी धावला. दुपारी पापणी काडीएवढी उघडली. संध्याकाळी फुगा थांबवून पाहिला तर छाती आपोआप वर आली. डॉक्टर खुर्चीवर बसले. तीन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं.

नळी काढल्यावर दोन दिवस आवाज निघाला नाही. निघाला तेव्हा घोगरा होता. पुंडलिक समोर उभा होता. त्याला म्हणाली, "काऊन हो भाऊजी, लाकडं आनली होती ना? जाऊ द्या. पानी तापवाले होतीन."

पुंडलिक तोंडावर हात ठेवून बाहेर गेला. पुढं त्याने खरंच गाडीभर लाकूड आमच्या अंगणात आणून टाकलं.

मी विचारलं, माझं बोलणं ऐकलं का. म्हणाली, "ऐकलं. तुमी चुकले म्हनून सांगत होते. ते मले चायीस वर्सं ठाऊक हाय. तुमाले काऊन इतका उशीर लागला?"

बाराव्या दिवशी आम्ही घरी आलो. डॉक्टरांच्या पाया पडायला गेलो तर ते मागं सरकले. म्हणाले, गावात सांगा, तेवढं पुरे.

म्हणून सांगतो. कडुनिंब चांगल्या माणसालाही कडू लागतो अन् विष चढलेल्यालाही कडूच लागतो. दुखत नाही, सुजलं नाही म्हणजे विष नाही, असं समजू नका. मण्यार झोपेतल्या माणसाला चावते अन् मुंगी चावल्याएवढंही कळत नाही. म्हणून पावसाळ्यात बायकापोरांना भुईवर झोपवू नका, बाज तुम्ही एकट्याने अडवू नका. साप डोळ्यांनी दिसला तर रंग बघा, पट्टे कुठून कुठवर आहेत ते बघा अन् डॉक्टरला सांगा. त्याला मारण्यात, जाळण्यात, त्याचं नाव ठरवण्यात वेळ घालवू नका. अन् श्वास थांबला म्हणून कुणाला मेलेला समजून उचलू नका. आधी डॉक्टरनं सांगू द्या.

गाव अजून मला बोलावतं. मी जातो, साप दिसतो, लोक विचारतात कोणता. मी म्हणतो मला खात्री नाही, कुणाला चावला असेल तर गाडी जुंपा. काही जण हसतात, म्हातारा भ्याला म्हणतात. भ्यालोच आहे.

काशी त्यानंतर सहा वर्षं जगली. गेल्या पौषात तिला न्यूमोनिया झाला, म्हणजे छातीत कफ भरून ताप. दवाखान्यात होती, तिथं उतार पडेना, घरी न्या म्हणाले. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी दुपारी तिनं प्राण सोडला. गावात आता डॉक्टर आहेत. त्यांनी नाडी पाहिली, नळीनं छाती ऐकली. मी पुन्हा पाहा म्हटलं. त्यांनी पुन्हा पाहिली.

मी जमलेल्या बायांना खाटेपासून थोडं लांब बसायला सांगितलं. उशाशी लाकडाचं, तिरडीचं कुणी बोलायचं नाही म्हटलं. मी जवळ बसलो अन् तिला सांगायला लागलो. थोरली लेक निघाली आहे, दिवस मावळेपर्यंत पोचेल. तुरीची कापणी अर्धी झाली. तुझ्या खोकल्याचा काढा मी चुलीवरून उतरवला नव्हता, तो करपला.

पुंडलिक येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, आता वयनी ऐकत नाही."

मी म्हटलं, "मले ठाऊक हाय."

अन् लेक येईपर्यंत बोलत राहिलो.