कमानपाट्याची कुऱ्हाड

परवा दारात धारवाला बसला, अन् चाकावर घासलेल्या लोखंडाचा वास आला तशी मी थेट दुष्काळातच गेले बघा.

बैलापुरता लिंबाचा पाला तोडायचा, तर कुऱ्हाड मोडलेली. पाला न्हाई मिळाला तर बैल बाजारात जाणार. लोहार ऊसतोडीला गेलेला, त्याची भट्टी थंड. मग आमच्या मालकांनी ट्रॉलीचा मोडका कमानपाटा, चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, आणला अन् सोसायटीतल्या सानेवर, धारेच्या फिरत्या दगडावर, घासायला घेतला.

"घागर दे गं, पाटा बुडवाया."

"टँकरची एकच घागर हाय! माणसाला न्हाई, अन् लोखंडाला कशापायी?"

"तापून निळा पडला की मऊ होतो. मग धार टिकत न्हाई."

मी रागानंच पाणी बादलीत ओतलं. घासायचं, बुडवायचं, असं दिवसभर चाललं. शेवटी पातं दांड्याच्या चिरेत बसवून बोल्टानं आवळलं. मी ते पाणी निवळू दिलं, पदरानं गाळून बैलापुढं ठेवलं. लोखंडाचा वास येत होता, तरी त्यानं बादलीचा तळ चाटला. वाटलं, ह्यांना लोखंडाचीच माया लई. पण पाला मिळत गेला अन् बैल दावणीलाच राहिला.

आता मालक न्हाईत. कुऱ्हाड हाय. परवा ती धारवाल्यापुढं ठेवली, अन् त्यानं मागायच्या आधीच मी पाण्याचा तांब्या भरून आणला.